हिल टॉपची बाग व आमचे सहा ऋतू

विलायतेच्या प्रवासाचे वर्णन लिहावयाचे म्हणजे लंडनपासून प्रारंभ करावा, राजवाडा, मनोरा, पूल व पदार्थसंग्रहालये यांची एक प्रदक्षिणा वाचकांस घडवावी आणि मग इतर गोष्टींकडे वळावे, असा शिरस्ता पडून गेला आहे. आम्ही तो मोडणार आहोत. एक तर आमचे विमान मँचेस्टरला उतरले व लंडन आम्ही पाहिलेच नाही. आणि दुसरे असे की, जी हकीकत सांगण्यासाठी लेखणी हाती घेतली आहे ती एका खेड्यातील लहानशा शेतघराची, त्याच्या पुढच्या बागेची आणि तळहातावर मावतील एवढ्या काही पुस्तकांची आहे.

आमचे चिरंजीव लँकेस्टर या गावी नोकरीस असतात. गेल्या वर्षी त्यांनी व सूनबाईंनी फार आग्रहाने बोलाविले. आमच्या कुटुंबाचे गुडघे आता दूरच्या प्रवासास राजी नाहीत, शिवाय गुहागर तालुक्यातील आमच्या घरी धाकट्या भावाचा संसार एकत्र, वाडीत माड-पोफळींचे शिंपणे, आणि "मी गेले तर शिंपण्याकडे कोण बघणार?" हा तिचा कायमचा प्रश्न. तेव्हा मे महिन्याच्या मध्यास आम्ही एकटेच निघालो व तीन महिने राहून आलो.

नात पाच वर्षांची. तिला मराठी सर्व समजते, परंतु उत्तर बहुधा इंग्रजीतून येते. आमचे इंग्रजी मॅट्रिकपुरते. तेही व्याकरणाच्या बाजूने पक्के आणि कानाच्या बाजूने कच्चे. पुढे पाठशाळेत संस्कृत झाले, आणि चौतीस वर्षे एका शाळेत मराठी व संस्कृत शिकविण्यात गेली. त्यामुळे पहिले आठ-दहा दिवस आजा व नात यांचा संवाद म्हणजे एकमेकांकडे पाहून हसणे, एवढाच होता. रात्री निजण्यापूर्वी मुलीस काही वाचून दाखवावे असा त्या घरातील नित्यक्रम आहे. चिरंजीव व सूनबाई दोघेही थकून घरी येतात, म्हणून ते काम आम्ही आपण होऊन मागून घेतले. रात्री म्हणावयाचे खरे. त्या प्रदेशात त्या दिवसांत साडेनऊ वाजेपर्यंत ऊन रेंगाळत असते आणि बिचाऱ्या पोरांना पडदे ओढून उजेडातच झोपवावे लागते.

आम्ही पुण्याहून माधुरी पुरंदरे यांचे 'राधाचं घर' नेले होते. या बाई मजकूरही स्वतः लिहितात व चित्रेही स्वतः काढतात. ते पुस्तक नातीने लक्ष देऊन ऐकले, दोनदा ऐकले, आणि मग ती आपले एक पुस्तक घेऊन आली. सिसिली मेरी बार्कर नावाच्या चित्रकर्त्या बाईंची फुलपऱ्यांची जी पुस्तके आहेत, त्यांपैकी वसंताचे ते होते. एका पानावर एक फूल, त्या फुलाच्याच रंगाचा झगा घातलेली एक छोटी परी, आणि समोरच्या पानावर त्या परीच्या तोंडी घातलेली कविता. बार्करबाईंचा जन्म 1895 सालचा, लंडनजवळील क्रॉयडन येथला. लहानपणी त्यांना अपस्माराचा विकार असल्याने त्या शाळेत न जाता घरीच शिकल्या. त्यांची बहीण घरातच बालवर्ग चालवीत असे. त्या वर्गातील मुले समोर बसवून त्यांनी पऱ्या रेखाटल्या. फुले मात्र कल्पनेने काढावयाची नाहीत असा त्यांचा कटाक्ष होता. वसंताचे पुस्तक 1923 साली निघाले, ग्रीष्माचे 1925 साली व पानगळीच्या ऋतूचे 1926 साली. हिवाळ्याचे पुस्तक त्यांनी केलेच नाही. त्या 1973 साली वारल्या, आणि त्यांच्याच चित्रांतून निवड करून ते 1985 साली प्रसिद्ध करण्यात आले. आम्हांस या गोष्टीचे नवल वाटले. परंतु पुढे चिरंजिवांनी तेथील जानेवारीची छायाचित्रे दाखविली, तेव्हा ते नवल ओसरले.

पुस्तक हाती येताच आमच्यातील शिक्षक जागा झाला. पान वाचून झाले की आम्ही विचारावे, "फुलाचा रंग कोणता? पाकळ्या किती? परीने हातात काय धरले आहे?" पहिल्या पानावर उत्तरे आली. दुसऱ्या पानावर अर्धी आली. तिसऱ्या पानावर नातीने पुस्तक मिटून उशीखाली ठेवले व तोंड भिंतीकडे केले. सूनबाई दारात उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "अण्णा, तिला प्रश्न विचारू नका ना. नुसतं बघू द्या. काय सांगायचंय ते तीच सांगेल." वास्तविक आम्हांस थोडा राग आला होता. चौतीस वर्षांत चित्र हे धड्याच्या सेवेसाठी असते अशी आमची समजूत होती. चित्र पाहून झाले की त्यातून काही काढून घ्यावयाचे, उसाचा रस काढून चोयटी टाकावी तसे. दुसऱ्या रात्री मात्र आम्ही मुकाट्याने बसलो. नातीने एका पानावर कितीतरी वेळ बोट ठेवले, मग आमच्या हाताचे बोट धरून तेथे नेले. पानाच्या देठावरील बारीक लव त्या बाईने काढली होती. आमच्या चाळिशीच्या चष्म्यातून ती दिसली नसती.

फुलपऱ्यांनंतर बिअ‍ॅट्रिक्स पॉटर यांची पुस्तके आली, आणि तेथे आजा-नातीचे पहिले भांडण झाले.

पीटर नावाचा सशाचा पोर आईची आज्ञा मोडून मॅग्रेगर नावाच्या म्हाताऱ्याच्या भाजीच्या बागेत शिरतो, मुळे व शेंगा खातो, आणि पळता पळता कोट व जोडे गमावून घरी येतो, ही कथा. प्रारंभीच आई मुलांस बजावते की, तुमचे वडील त्या बागेत गेले होते आणि मॅग्रेगरच्या बायकोने त्यांना शिजवून पानात घेतले. आमच्या शाकाहारी जिभेवर ते वाक्य येईना. आम्ही ते गाळून पुढे गेलो. लगेच प्रश्न आला, "आजोबा, तू एक वाक्य सोडलंस." तिला सर्व पुस्तक पाठ होते. आम्ही मुकाट्याने मागे आलो व ससोबांच्या वडिलांची शेवटची हकीकत खालच्या आवाजात वाचली. नातीच्या चेहऱ्यावर दुःखाचे चिन्ह दिसले नाही. तिच्या मते आईने आधी सांगितले होते, तेव्हा पीटरने ऐकावयास हवे होते. मुलांच्या पुस्तकातून असली वाक्ये काढून टाकावी असे म्हणणारे सज्जन आम्ही पाहिले आहेत, आणि स्वतः त्यांपैकीच होतो.

भांडण पुढेच झाले. नात अर्थात सशाच्या पक्षाची. आम्ही मॅग्रेगरच्या पक्षाचे. वाचकांपैकी ज्यांची कोकणात वाडी आहे त्यांना हे समजेल. वानरांची टोळी येते, कोवळे नारळ खाली टाकते, फणसाच्या कुयऱ्या ओरबाडते आणि कौले फोडून जाते. रात्री डुकरे येऊन सुरणाचे कंद उकरतात. दंताळे घेऊन सशामागे धावणाऱ्या त्या म्हाताऱ्याकडे पाहून आम्हांस आपलाच भाऊबंद भेटल्यासारखे झाले. आम्ही नातीस वानरांची हकीकत सांगितली. ती उठून बसली. तोपर्यंत आमची वाडी तिला ठाऊकच नव्हती. म्हणजे आजोबांच्या घरामागे झाडे आहेत एवढे ठाऊक होते. आता तेथे चोर आहेत असे समजले. वानर नारळ फोडतो कसा? त्याचा कोट कोणत्या रंगाचा? कोट नसतो हे ऐकून तिची थोडी निराशा झाली.

एका रविवारी सकाळी, म्हणजे आपल्याकडील दुपारी, घरी फोन लावला होता. हल्ली फोनवर माणसे दिसतात. आमच्या कुटुंबाने पडवीत उभे राहून आपली वाडी नातीस दाखविली. मृगाचा पाऊस कोसळत होता. पन्हळीतून धो धो पाणी पडत होते आणि त्या आवाजात बोलणे ऐकू येत नव्हते. नातीने विचारले, "आजोबा, आत्ता तुझ्याकडे कुठला सीझन?" त्या सुमारास आम्ही तिला आपले सहा ऋतू शिकविण्यास आरंभ केला होता. तिथी ज्येष्ठ शुद्ध होती. आम्ही सवयीने उत्तर दिले, "ग्रीष्म." नातीने ग्रीष्म म्हणजे काय ते विचारले. "उन्हाळा," आम्ही म्हणालो. तिने फोनकडे पाहिले, पन्हळीकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले. ती काही बोलली नाही.

चैत्र-वैशाख वसंत, ज्येष्ठ-आषाढ ग्रीष्म, श्रावण-भाद्रपद वर्षा, आश्विन-कार्तिक शरद, मार्गशीर्ष-पौष हेमंत, माघ-फाल्गुन शिशिर. हे कोष्टक आम्ही किती मुलांकडून घोकून घेतले असेल याची गणती नाही. आणि त्याच शाळेत वरच्या वर्गास मेघदूतातील वेचे शिकवीत होतो, ज्यात कालिदासाने यक्षास मेघ दिसतो तो आषाढाच्या आरंभी. एका तासास आषाढ म्हणजे ग्रीष्म, दुसऱ्या तासास आषाढ म्हणजे मेघ, आणि खिडकीबाहेर आषाढाचा पाऊस. या तिहींची गाठ आमच्या डोक्यात कधी पडली नाही. संपातचलनामुळे आपले महिने व ऋतू यांत दीड हजार वर्षांत सुमारे तीन आठवड्यांचे अंतर पडले आहे, हे आम्ही वाचलेले होते; वसंतसंपाताच्या याच सरकण्यावरून वेदकाल ठरविणारा लोकमान्यांचा 'ओरायन' हा 1893 सालचा ग्रंथ कपाटात होता. तरी कोष्टक ते कोष्टक.

त्या रात्री एक जुनी गोष्ट आठवली आणि झोप आली नाही. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी पाचवीच्या वर्गात एका शेतकऱ्याच्या मुलाने हात वर करून म्हटले होते, "गुरुजी, आषाढात तर आमची लावणी असते. मग तो उन्हाळा कसा?" आम्ही म्हणालो, "पुस्तकात काय आहे ते सांग." तो पुन्हा म्हणाला, "पण गुरुजी, पाऊस असतो." वर्ग हसला. आम्ही त्यास कोष्टक वीस वेळा लिहून आणावयास लावले, आणि त्याने ते आणलेही, सुंदर अक्षरात. त्यानंतर त्याने वर्गात हात वर केल्याचे आम्हांस आठवत नाही.

पुढच्याच शनिवारी आम्ही हिल टॉपला गेलो. सरोवर-प्रांत म्हणून इंग्लंडच्या वायव्येस जो डोंगराळ भाग आहे त्यात हे ठिकाण आहे. वर्डस्वर्थ कवी तेथलाच. त्याच्या पिवळ्या फुलांच्या कवितेने आमच्या पिढीतील कित्येक मुलांस छळले आहे, कारण ते फूल कोणीही पाहिलेले नव्हते. 2017 साली युनेस्कोने हा सर्व प्रदेश जागतिक वारसा म्हणून नोंदविला. लँकेस्टरहून ऑक्सनहोम येथे गाडी बदलून विंडरमिअरपर्यंत जावयाचे, तेथून बसने बोनेस गाव, आणि पुढे सरोवर ओलांडावयाचे. विंडरमिअर हे इंग्लंडमधील सर्वांत लांब सरोवर, सुमारे साडेदहा मैलांचे. परंतु रुंदीला इतके थोडे की पलीकडील घरांच्या खिडक्या मोजता येतात. ओलांडण्यास आमच्याकडील दाभोळ-धोपावे फेरीबोटीप्रमाणे मोटारी चढविणारी बोट आहे, मात्र ती दोन्ही तीरांस बांधलेल्या लोखंडी दोरावरून ओढली जाते. खाडीची लाट नाही, मासळीचा वास नाही, पान खाणारा उतारू नाही. आम्हांस थोडे चुकल्यासारखे झाले.

पलीकडे उतरल्यावर चढाचा दोन मैल रस्ता आहे. प्रथम फार सॉरी हे गाव लागते व नंतर निअर सॉरी. म्हणजे दूरचे आधी आणि जवळचे नंतर. ही नावे हॉक्सहेड या पलीकडच्या गावावरून अंतर मोजून पडलेली आहेत, असा खुलासा चिरंजिवांनी केला. गावाचे नाव 'सॉरी' कसे, हे मात्र नातीने आम्हांस विचारले व आम्ही तो प्रश्न तिच्या वडिलांकडे सोपविला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंस चुन्यावाचून रचलेले दगडी गडगे पाहून आम्ही थबकलोच. तोच हात, तीच युक्ती. फरक इतकाच की आमचा जांभा व त्यांचा पाटीचा निळा दगड. गडग्यांपलीकडे हर्डविक जातीच्या मेंढ्या चरत होत्या. यांची कोकरे जन्मतः काळी असतात आणि वयाबरोबर करडी होत जातात. नातीने आमच्या डोक्याकडे पाहून "तुझ्यासारखी" म्हटले.

हिल टॉप हे एका शेतकऱ्याचे सतराव्या शतकातील घर. पॉटरबाईंनी ते 1905 साली विकत घेतले. त्याच वर्षी त्यांचा वाङ्निश्चय झालेले गृहस्थ लग्नापूर्वीच वारले होते. बाईंचे वय तेव्हा एकोणचाळीस, आई-बाप लंडनमध्ये, आणि मुलीने त्यांच्याजवळ राहावे अशी त्यांची इच्छा. त्यामुळे घर घेऊनही त्यांना तेथे राहावयास सापडे ते चार-आठ दिवसांच्या फेरीने. बाग त्यांनी शून्यातून केली. गावातील जवळजवळ प्रत्येक परसातून काही ना काही रोप त्यांच्याकडे आले. कोणी फांदी दिली, कोणी कंद दिले, आणि एके ठिकाणी तर जाळण्यासाठी टाकलेल्या ढिगातून त्यांनी रोप उचलून आणले. आमच्या कुटुंबाची रीत हीच. कोणाच्या घरी हळदीकुंकवास जाऊन तिने हात हलवीत परत आल्याचे आम्ही पाहिलेले नाही.

फाटकातून आत गेले की फरसबंद वाट चढत चढत घराच्या देवडीपर्यंत जाते. दोन्ही बाजूंस फुले. परंतु आपल्या सरकारी उद्यानात असतात तशी रांगेत उभी केलेली नव्हेत. गुलाबाच्या पायाशी कसली तरी भाजी, भाजीतून वर आलेली जांभळी घंटाफुले, त्यांना लागून स्ट्रॉबेरी. ती उंच जांभळी घंटाफुले म्हणजे फॉक्सग्लोव्ह. हृदयविकारावरचे डिजिटॅलिस हे औषध याच जातीच्या झाडापासून निघाले, आणि झाड स्वतः विषारी. देवडीच्या समोर हिरव्या फाटकापलीकडे भाजीची बाग, तेथे भिंतीच्या कोनाड्यात मधमाश्यांची पेटी, आणि रुबार्ब नावाची भाजी, जिचे पान दुरून अळूसारखे दिसते. आम्ही अळू म्हणून जवळ गेलो. चिरंजिवांनी सांगितले की याचे पान विषारी आहे व देठ तेवढा खातात. चिंच घालूनही चालत नाही काय, असे विचारण्याचा मोह आम्ही आवरला.

घर लहान असल्याने ठरलेल्या वेळेची तिकिटे देऊन थोडी थोडी माणसे आत सोडतात. आमची वेळ येण्यास पाऊण तास होता. तो पाऊण तास आम्ही जन्मभर विसरणार नाही.

नातीने पिशवीतून 'टॉम किटन'चे पुस्तक काढले. 1907 सालच्या या कथेत मांजरीण आपल्या तीन पिलांना पाहुण्यांसाठी नटवून बागेत सोडते आणि पिले भिंतीवर चढून कपडे गमावून बसतात. नात वाटेच्या मधोमध उभी राहिली, पान उघडले, पुस्तक डोळ्यांसमोर धरले व खाली घेतले. पुन्हा धरले, पुन्हा खाली घेतले. पुस्तकात जी वाट होती तीच पुस्तकाखालून समोर येत होती. फाटक तेच. भिंत तीच. मग 'जेमायमा' बदकिणीचे पुस्तक निघाले. अंडी लपविण्यासाठी ती रुबार्बात बसते ते चित्र. नात रुबार्बाजवळ जाऊन वाकून पाहू लागली. अंडी तेथे नव्हती. परंतु ती नाहीत याचे तिला वाईट वाटले नाही, ती म्हणाली, "आज ती दुसरीकडे गेली असेल."

आम्ही बाजूच्या बाकावर बसलो होतो. या बाईंनी आपल्या अंगणातील एक वाट, एक भिंत व एक भाजीचा वाफा एवढेच काढले. पण मान वर करून पाहिले व खाली घालून काढले. आम्ही शिरीष, कुरबक व कर्णिकार यांवर वर्गात तास तास बोललो. यांतील शिरीष आम्ही ओळखतो. बाकीची दोन फुले वाटेत पडली तर आम्ही ती तुडवून जाऊ.

नात येऊन आमच्या मांडीवर बसली. "आजोबा, तुझ्या बागेचं पुस्तक कुठे आहे?"

आम्ही म्हणालो, "आमच्याकडे ऋतूंचे एक फार जुने पुस्तक आहे." ऋतुसंहार हे काव्य कालिदासाच्या नावावर आहे. त्याचे सहा सर्ग, ग्रीष्मापासून आरंभ व वसंतात शेवट. 1792 साली सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यास ते बंगाली लिपीत छापविले. संस्कृत मूळ ग्रंथ छापून निघाल्याचे हे पहिले उदाहरण मानतात. आम्हांस ते बहुतेक मुखोद्गत आहे. पण त्यात तापलेला मोर व तहानलेली हरणे सोडली तर प्रत्येक दुसऱ्या श्लोकात जे आहे ते पाच वर्षांच्या मुलीस सांगण्यासारखे नाही, हे जाणत्या वाचकांस निराळे सांगणे नको. आम्ही मोर व हरणे सांगितली. नातीने ऐकून घेतले. मग विचारले, "पण त्यात तुझे वानर आहेत का?"

वानर आहेत, एका श्लोकात उन्हाने व्याकूळ होऊन ते डोंगराच्या झाडीत शिरतात. परंतु ती विचारीत होती ते हे वानर नव्हेत, आमचे. आणि ते कोणत्याच पुस्तकात नाहीत.

आमची वेळ झाल्यावर घरात गेलो. चुलीची खोली, पुस्तकात आहे तेच थाळ्यांचे कपाट, उंदीर ज्यावरून धावतो तो जिना, सर्व जागच्या जागी. 1913 साली लग्न झाल्यावर बाई त्याच गावात जवळच्या दुसऱ्या घरी राहावयास गेल्या, पण हे घर त्यांनी होते तसे ठेविले. 22 डिसेंबर 1943 रोजी त्या वारल्या, तेव्हा हे घर व चार हजार एकरांहून अधिक जमीन त्यांनी नॅशनल ट्रस्ट या संस्थेस दिली होती. पुस्तकांच्या पैशातून त्यांनी शेते विकत घेतली, ती मोडून बंगले उठू नयेत म्हणून. आमच्या तालुक्यातील विकल्या जाणाऱ्या वाड्या त्या वेळी डोळ्यांपुढे आल्या. पण तो विषय निराळा.

एक माहिती मात्र मनात रुतून बसली. पीटरची गोष्ट प्रथम पुस्तक म्हणून लिहिलेली नव्हतीच. बाईंच्या एका जुन्या शिक्षिकेचा पाच वर्षांचा मुलगा आजारी होता. त्यास काय लिहावे सुचेना म्हणून 4 सप्टेंबर 1893 रोजी त्यांनी चित्रे काढून पत्रातच ही गोष्ट लिहिली. पुढे कित्येक वर्षांनी ते पत्र त्या मुलाकडून परत मागून घेतले व पुस्तक तयार केले. प्रकाशकांनी ते नाकारले, तेव्हा 1901 साली स्वतःच्या खर्चाने 250 प्रती छापल्या. आकार मुद्दाम लहान ठेवला, मुलांच्या हातात बसेल असा.

परतीच्या बोटीवर नात झोपी गेली होती. आम्ही चिरंजिवांस विचारले, "इकडे पत्र किती दिवसांत पोचते?" ते म्हणाले, "अण्णा, फोनवर फोटो पाठवा ना, क्षणात पोचेल." आम्ही म्हणालो, "ते माहीत आहे."

श्रावणात घरी आलो. आम्हांस चित्र काढता येत नाही. शाळेत फळ्यावर गाय काढली तर मुले तिला म्हैस म्हणत. तरी एक वही आणली व पहिल्या पत्रात माडावरचा वानर काढला. कुटुंबाने चष्मा लावून पाहिले व म्हटले, "हा वानर की तुमच्या शाळेचे हेडमास्तर?" शेपूट लांब करून काम भागले. दुसऱ्या पत्रात प्राजक्त काढावयाचा होता. आम्ही पाच पाकळ्या काढल्या. ती म्हणाली, "पाच कुठे? सहा-सात असतात. आणि चक्राच्या आऱ्यांसारख्या वळलेल्या असतात. जाऊन बघा." पारिजातकाच्या कथेवर आम्ही चौतीस वर्षे बोललो आहोत, सत्यभामेच्या रुसव्यासकट. दुसऱ्या दिवशी पहाटे अंगणात सड्यावर उकिडवे बसून आम्ही फुले मोजली. काहींस सहा, काहींस सात, एकास आठ निघाल्या. नातीस तिन्ही प्रकारची काढून पाठविली.

ऋतूंची नावे आम्ही पत्रात घालीत नाही. जे दिसेल ते घालतो. गडग्यावरचा तेरडा, मांडवाला लोंबणारी पडवळे व त्यांना सरळ वाढावे म्हणून बांधलेले दगड, परसातील तवसे, मग थंडीत आंब्याचा मोहोर, आणि आता सुरंगी, जिचे गजरे बाजारात येऊ लागले आहेत. पिंपळाची पाने झडली आणि पंधरा-वीस दिवसांतच त्याला तांबूस पालवी आली. नातीकडे कार्तिकात झडलेले झाड चैत्रापर्यंत उघडे उभे असते, तेव्हा हे तिला खरे वाटेल की नाही याची शंका होती. म्हणून त्या झाडाची दोन चित्रे काढली व खाली तारखा घातल्या.

मध्यंतरी तालुक्याच्या बाजारात तो आषाढाच्या प्रश्नाचा मुलगा भेटला. आता त्याचे किराणा मालाचे दुकान आहे. आम्ही त्यास ती गोष्ट सांगितली व म्हणालो की, तुझे बरोबर होते. त्यास काहीच आठवत नव्हते. "गुरुजी, तुम्ही कधी मारलं नाही आम्हांला," एवढेच तो म्हणाला, आणि नको नको म्हणत असता साखरेची पुडी पिशवीत टाकली.

आतापर्यंत आमची सात पत्रे गेली. नातीकडून दोन उत्तरे आली आहेत. दुसऱ्यात माडाचे झाड आहे, शेंड्यावर निळा कोट घातलेला ससा आहे व त्याच्या शेजारी वानर. वानरासही कोट दिलेला आहे, लाल रंगाचा. खाली काठी घेऊन एक मनुष्य उभा आहे, त्याच्या पायाशी देवनागरीत 'आजोब' असे लिहिले आहे. काना कागदाच्या कडेबाहेर गेला असावा. आणि मागील बाजूस सूनबाईंच्या मदतीने लिहिलेला एक प्रश्न आहे: या वानराचे बाबा कुठे आहेत?

त्याचे उत्तर अजून आमच्याकडून गेलेले नाही.